अस्वलाचा नाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. सलग तिसऱ्या एकांकिकेत विनोदीच काम आलं म्हणून तू फुगून बसलायस. म्हणतोस, शिक्का बसला. अरे, शिक्का काय असतो ते निल्स पोप्पेकडे बघून कळतं.

हा स्वीडनचा नट. जन्म माल्मोचा, १९०८चा. वाढला सांभाळणाऱ्या दुसऱ्या आईवडिलांकडे, आडनावही त्यांचंच. चण लहान, पण अंग असं लवचिक की धडपडला तरी नाचल्यासारखा वाटावा. १९४८च्या ‘सोल्दात बूम’ चित्रपटात त्याने फाबियान बूम उभा केला: ताठ, नियमावर बोट ठेवणारा, वर्दी दिसली की विरघळणारा माणूस. लोकांना इतका आवडला की बूमचे चित्रपट एकामागून एक येत राहिले. पोप्पे म्हणजे बूम, असं होऊन बसलं.

आणि मग १९५६च्या उन्हाळ्यात स्वीडनचाच मोठा दिग्दर्शक इंगमार बर्गमनने ‘द सेव्हन्थ सील’ या चित्रपटात योफच्या भूमिकेसाठी घेतलं ते यालाच. प्लेगचे दिवस, सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतोय, आणि त्यात हा गावोगाव खेळ करणारा सोंगाड्या. त्याला चालताबोलता साक्षात येशूची आई मेरी दिसते. बायकोला वाटतं, झाल्या याच्या थापा सुरू. (पोप्पेची त्या वेळची खरी बायको इंगा लांडग्रे याच चित्रपटात सरदाराची बायको झालीय, दोघांची गाठ मात्र कुठेच पडत नाही.)

खानावळीचा प्रवेश तू तीनदा बघ. योफला टेबलावर चढवतात आणि अस्वलासारखं नाचायला लावतात. तो नाचतो. आयुष्यभर ज्या अंगाने लोकांना हसवलं, तेच अंग, त्याच उड्या. सगळी खानावळ खिदळते, आणि आपल्या पोटात गोळा येतो. पोप्पेने इथे ‘गंभीर अभिनय’ म्हणून वेगळं काही काढलेलं मला तरी दिसत नाही. भोवतालचं हसू तेवढं बदललंय. आणि तिथून सुटताना हा पठ्ठ्या एक कडं लांबवतो, बायकोसाठी! भित्रा, भोळा, थोडा चोरटा. असा माणूस रडक्या चेहऱ्याच्या नटाला जमला नसता.

१९६०च्या ‘डेव्हिल्स आय’मध्ये पुन्हा बर्गमनकडेच तो भाबडा पाद्री झाला. पण नंतर ‘आता मी मोठा नट’ म्हणून बसला नाही. १९६६ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वीडनमधल्याच हेल्सिंगबोर्ग शहरातल्या फ्रेड्रिक्सदाल या खुल्या रंगमंचावर फार्स करायला लागला आणि पंचवीसेक उन्हाळे करत राहिला. टीव्हीवरून ते प्रयोग घरोघरी गेले. मला त्याच्या आयुष्यातली हीच गोष्ट जास्त मोठी वाटते. तुला आज वाटणार नाही.

योफला आपल्या तान्ह्या पोराने एक अशक्य करामत शिकावी असं वाटतं: उडवलेला चेंडू हवेतच थांबवायची. आपण आधी उडवायला शिकू. रविवारी तालमीला तीन चेंडू घेऊन ये. टेनिसचे चालतील.

तुझा,
सर