सेशन अप आहे, मग रूट कुठायत?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयटीचं सगळं मीच बघतो. दोन प्रोव्हायडरच्या लाईनी आहेत, दोन्ही आमच्या लेअर थ्री (रूटिंगही करणाऱ्या) स्विचवर बीजीपीने, म्हणजे नेटवर्कनी एकमेकांना रूट (वाटा) सांगायच्या प्रोटोकॉलने, घेतल्यात. परवा पहिली लाईन गेली तर दुसरीवर काहीच आलं नाही, डिस्पॅचची ई-वे बिलं अडकली, मालक तापले. दुसऱ्या प्रोव्हायडरला फोन केला तर म्हणतो सेशन अप आहे, आमच्याकडून ओके. मला पण स्विचवर अपच दिसालंय, फक्त शेवटच्या कॉलममध्ये शून्य आहे. सरळ क्लिअर मारू का, म्हणजे सेशन तोडून परत लावू का?

उत्तर : थांबा, क्लिअर मारू नका. आणि तो प्रोव्हायडर खोटं बोलत नाहीये, अर्धंच बोलतोय. 'शो आयपी बीजीपी समरी' मारलं की प्रत्येक शेजाऱ्याची (म्हणजे समोरच्या प्रोव्हायडरच्या राउटरची) एक ओळ येते, त्यात शेवटचा कॉलम नीट बघायचा. तिथे आकडा असेल तर सेशन लागलंय आणि तो आकडा म्हणजे त्याच्याकडून घेतलेले रूट. आयडल किंवा ॲक्टिव्ह असं काही दिसलं तर सेशनच लागलेलं नाही, तेव्हा पिंग, एएस नंबर (बीजीपीत प्रत्येक नेटवर्कचा ओळख क्रमांक), पासवर्ड आणि टीसीपी पोर्ट १७९ कुठे अडतोय का ते बघायचं. तुमचं प्रकरण ते नाही. शून्य म्हणजे दोघांची ओळख झालीय, हाय-हॅलो चालू आहे, पण तुमच्या हातात रूट एकही पडलेला नाही.

आता दोनच शक्यता. एक तर तो डिफॉल्ट रूट (०.०.०.०/०, म्हणजे 'बाकी सगळं इकडून' सांगणारा) पाठवतच नाही, नाहीतर तो पाठवतोय आणि तुमचा फिल्टर टाकून देतोय. माझा संशय फिल्टरवर, कारण दुसरी लाईन लावताना पहिलीचं कॉन्फिग कॉपी-पेस्ट करायची सवय सगळ्यांनाच असते, आणि प्रीफिक्स लिस्टमध्ये (कुठले रूट घ्यायचे ती फिल्टरची यादी) ०.०.०.०/० ला परमिट नसेल तर शेवटी न दिसणारा डिनाय बसलेलाच असतो, तो सगळं गिळतो. सिस्कोच्या स्विचवर समरीतला आकडा फिल्टरनंतरचा असतो म्हणून यातलं काहीच कळत नाही (अरिस्टा कंपनीच्या स्विचवर आलेले आणि स्वीकारलेले असे दोन वेगळे कॉलम असतात, ते बरंय). शेजाऱ्याच्या नावाने 'रिसीव्ड-रूट्स' मागून बघा, पण त्यासाठी आधी सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड (आलेले रूट फिल्टरआधी जसेच्या तसे साठवून ठेवणं) चालू असावं लागतं.

फिल्टर दुरुस्त केला की त्याच एका शेजाऱ्याचा आयपी देऊन, पुढे 'सॉफ्ट इन' लावून क्लिअर करा, त्याने सेशन न तुटता रूट परत तपासले जातात. नुसता स्टार लावून मारलंत तर दोन्ही लाईनींची सेशन तुटतील आणि मालक परत तुमच्या केबिनमध्ये. मग 'शो आयपी बीजीपी' मध्ये डिफॉल्टच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत, दोन्हीपुढे स्टार, आणि बाणाचं चिन्ह फक्त एकीपुढे, ती सध्या वापरात असलेली.

एवढं झालं की सुट्टीच्या दिवशी पहिली लाईन मुद्दाम पाडून बघाच. स्विचची केबल काढली तर सहसा लगेच पलटी होते. पण फायबर पुढे कुठेतरी खोदकामात तुटली आणि तुमच्याकडचा लिंक लाईट हिरवाच राहिला, तर सिस्कोच्या डिफॉल्टने होल्ड टाईम (शेजारी गप्प झाल्यावर सेशन मेलं धरायची मुदत) १८० सेकंद आहे, म्हणजे तीन मिनिटांपर्यंत स्विच बिचारा वाट बघत बसतो. ते चालत नसेल तर प्रोव्हायडरला बीएफडी (लाईन मेल्याचं झटपट ओळखणारी सोय) देतो का विचारा. आणि फायरवॉलवर दुसऱ्या लाईनचं नॅट (आतले आयपी बाहेरच्या आयपीत बदलणं) आहे ना तेही बघून घ्या, नाहीतर रूट येऊनही ई-वे बिल निघायचं नाही.

प्रश्न : आमच्या होटगी रोडच्या ऑफिसातल्या स्विचवर 'शो आयपी बीजीपी समरी' ही कमांडच घेत नाही, इनव्हॅलिड म्हणतो. स्विच खराब आहे का?

उत्तर : खराब नाही ओ. साधा लेअर टू स्विच असेल तर त्यात बीजीपी नसतंच, आणि लेअर थ्री असला तरी बऱ्याच मॉडेलवर त्याचं वेगळं लायसन्स लागतं. मॉडेल नंबर घेऊन डेटाशीट बघा. तुमची एकच लाईन असेल तर एक स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट पुरतो, उगाच लायसन्सला पैसे घालू नका.