ख्रिस्ती माणसाने अन्याय सहन करायचा की भांडायचं?

तुम्ही विचारलंय की रविवारी 'दुसरा गाल पुढे कर' ऐकायचं आणि सोमवारी ऑफिसात साहेबाने आडनावावरून टोमणा मारला, बढती डावलली, तर गप्प बसायचं का. नाही बसायचं. मुख्य याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा खुद्द प्रभूने दुसरा गाल पुढे केला नव्हता. माझं चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारतोस कशाला, असं विचारलं होतं. योहान १८ काढून बघा. पाळक मंडळी यावर सहसा प्रवचन देत नाहीत.

पण तुमची शेवटची ओळ मला झोंबली : 'त्यापेक्षा धर्म सांगितलाच नाही तर काय बिघडतं?' आमच्या घरात यावरून चाळीस वर्षं धुसफूस चालू आहे.

आम्ही नेवासे तालुक्यातले. आजोबांचा बाप्तिस्मा वडाळा मिशनमधला. गावाच्या लेखी त्याने काही फरक पडला नाही. घर महारवाड्यातच राहिलं, हॉटेलात कानतुटका कप वेगळाच राहिला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आई सगळ्यांबरोबर, पाणी प्यायला शेवटी. गावाला आमचा बदललेला धर्म कधी दिसला नाही, सरकारला मात्र लगेच दिसला. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदू नसाल तर तुम्ही अनुसूचित जातीत नाही. पुढे १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. आम्ही अजून ओट्यावरच.

१९८४ साली थोरला भाऊ आणि मी जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत गेलो. शाळेत मास्तरांनी दोघांच्याही नावापुढे 'हिंदू महार' लिहून ठेवलं होतं, कोणाला न विचारता. मी कारकुनाला म्हणालो, हे चुकलंय, आम्ही ख्रिस्ती आहोत. तो हसला. म्हणाला, "मास्तरांनी लिहिलंय, सरकारला चालतंय, मग तुझं काय दुखतंय?" दादाने सही केली. मी अर्ज परत घेतला. बाबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते, कोणाच्याच बाजूने बोलले नाहीत. एसटीत दादा पुढच्या सीटवर जाऊन बसला.

दादा सरकारी नोकरीत अधिकारी होऊन निवृत्त झाला. मी साखर कारखान्यात काट्यावर, हंगामी कारकून. ऊस संपला की घरी.

बाबा गेले तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर मी लिहिला : 'प्रभूमध्ये निजले.' दादाने ते खोडून 'दुःखद निधन' केलं, ऑफिसातले वाचतील म्हणून. ज्या माणसाने तीस वर्षं देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा वाजवली त्याच्या मरणाच्या बातमीत प्रभूचं नाव नाही. दादाचं म्हणणं ठरलेलं, "देव काय माझा दाखला बघणार आहे?" देव नसेल बघत. पण तुझ्यासारखे हजारो कागदावर हिंदू राहिले म्हणून आम्ही मोजणीत मूठभर दिसतो, आणि हक्क मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तुम्ही आहात किती? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीसाठीची ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आयोगांवर आयोग. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात काय म्हटलं ते दादाला मी फोनवर वाचून दाखवलं : बाप्तिस्मा घेतलेल्या, चर्चला जाणाऱ्या माणसाने फक्त आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक आहे. त्याने फोन ठेवला. पुतण्या हे उत्तर त्याला दाखवेलच, दाखवू दे.

आता खरं सांगायचं तर माझ्या मुलीच्या नर्सिंगची फी दादाने त्याच पगारातून भरली. देवळावर नवे पत्रे पडले तेही त्याच्याच दशमांशातून, म्हणजे कमाईतल्या देवाला द्यायच्या दहाव्या हिश्श्यातून, आणि मी त्या पत्र्यांखाली बसून दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करतो, बऱ्यापैकी रागाने. शिवाय आमचं देऊळही धुतल्या तांदळाचं नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका भाकरीतून प्रभुभोजन घेतात, सोयरीक म्हटली की घसा खाकरतात. तेव्हा सगळा अन्याय साहेबाच्याच खात्यावर टाकू नका.

तुमचं काम करायचं असेल तर तारखेसकट लेखी तक्रार द्या, पोच घ्या, टोमणा ऐकणारा एक तरी साक्षीदार धरा. बढतीचे निकष लेखी मागा. साहेबाला क्षमा करायची ती करा, पण तक्रार मागे घेऊ नका. आमच्यासारख्यांना राज्यात इतर मागासवर्गीयांत धरतात, पण ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण अनुसूचित जाती-जमातींना आहे, कागदावर ख्रिस्ती असलेल्या आमच्यासारख्याला नाही. तुमच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते तुम्ही प्रश्नात सांगितलं नाहीत. वकिलाकडे जायच्या आधी ते काढून बघा.