रविवारचा फोन

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौतीस वर्षांची तू, सहा वर्षं एकटी राहतेस, आणि गेल्या आठ महिन्यांत एका माणसात जीव गुंतलाय. तो चांगला आहे, काही मागत नाही. तरी तो ‘आपण’ म्हणाला की तुझ्या पोटात गोळा येतो. मग रविवारी तू मुद्दाम त्याचा फोन उचलत नाहीस आणि तो पुन्हा करतोय का, याची दिवसभर वाट बघतेस. “प्रेम निवडू की स्वातंत्र्य?” असं विचारलंयस.

तू घाईघाईत लिहून पुढे गेलेल्या एका वाक्यापाशी मी अडखळले. आधीच्या नात्याबद्दल तू लिहितेस, “त्याने कधी काही सोड म्हटलं नाही, मीच एकेक सोडत गेले.” आधी संध्याकाळचं पोहणं, मग मैत्रिणी, मग स्वतःच्या पैशांचा हिशेब. अगं, तुझं स्वातंत्र्य कुणी हिसकावलंच नव्हतं, तू ते न मागता देऊन टाकलंस. म्हणून मला वाटतं, तुला भीती आहे ती प्रेमात पडल्यावर तू जी होतेस तिची. एकटं राहून ती सवय मोडत नाही, नुसती झाकून राहते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभराच्या मुलांचं अनोळखी खोलीत निरीक्षण केलं. आई जवळ असली की मूल खेळण्यांकडे जायचं, मधूनच वळून तिला बघायचं, पुन्हा पुढे. ती बाहेर गेली की बऱ्याच मुलांचा खेळ थंडावायचा. जोडप्यांवरचा ब्रूक फीनी यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मोठ्यांचंही तसंच दिसलं. ज्यांचा जोडीदार त्यांचं विसंबणं मनापासून स्वीकारत होता, ती माणसं सहा महिन्यांत अधिक स्वतंत्र झाली होती. मला स्वतःला याने फार धीर येतो.

पण असा आधार प्रत्येकाकडून मिळतोच असं नाही. या माणसाकडून मिळेल का, ते फोन न उचलून कळणार नाही. आपली परीक्षा चाललीय हेच त्याला ठाऊक नाही, आणि तुझं हे वागणं मला पटलं नाही. सरळ सांग त्याला: एक आड एक रविवार माझा एकटीचा, माझे पैसे मी बघणार, पोहणं पुन्हा सुरू करतेय. कारणं देत बसू नकोस. थोडा हिरमुसला तर हिरमुसू दे, माणूस आहे. चार चार दिवस अबोला धरू लागला, किंवा दर वेळी तुलाच अपराधी वाटेल असं बोलत राहिला, तर मात्र सावध हो.

तेवढंच लक्ष स्वतःवरही ठेव. त्याने काही न म्हणताच तुझ्या तोंडून “राहू दे, येते मी” निघालं, तर वहीत लिहून ठेव, तारखेसकट. एकत्र राहायचं की नाही, ते त्या वहीची काही पानं भरल्यावर बघू.

या रविवारी फोन उचल. पुढचा रविवार तुझा आहे, हे त्याला तेव्हाच सांगून टाक. आणि पोहायला गेलीस की मला कळव.