हळद-साबण आणि संत्रासाल उटणं: लेबल छापायच्या आधी

ताई, समुद्रपूर तालुक्यातल्या तुमच्या बचत गटाच्या ७५ ग्रॅम हळद-कडुनिंब साबणाचं आणि ५० ग्रॅम संत्रासाल उटण्याचं लेबल पाहिलं. हजार प्रती टाकू का, असं तुम्ही विचारलंत. आत्ता टाकू नका.

त्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे. तो खाण्याच्या मालाचा, साबणाला लागू नाही. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी म्हणजेही परवाना नव्हे. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. अर्ज सीओएस-५ या नमुन्यात (फॉर्ममध्ये) करायचा, परवाना सीओएस-८ नमुन्यात मिळतो आणि त्याचा नंबर 'एम' अक्षर लावून लेबलवर येतो. माल थोडा आहे, घरी बनतो, म्हणून सूट नाही. तयार उटणं पोत्यानं आणून डब्यांत भरलं तरी कायद्याच्या व्याख्येत ते 'उत्पादन'च ठरतं. बरेच गट इथेच फसतात. परवाना होईपर्यंत परवानाधारकाकडून माल बनवून, भरून, लेबल लावूनच घ्या. मग 'उत्पादक' म्हणून त्याचं नाव आणि माल जिथे बनला तिथला पूर्ण पत्ता येईल, गटाचं नाव 'विक्रेता' म्हणून.

'खाज, नायटा बरा होतो' ही ओळ काढाच. रोग बरा करण्याचा दावा केला की माल प्रसाधन राहत नाही, औषधाच्या नियमांत जातो. 'त्वचा स्वच्छ ठेवतो' इतकं पुरे. 'वायगाव हळद' हे भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे. हळद खरोखर तिथलीच असेल तरच लिहा.

साबण खोक्यात घालणार असाल तर मालाचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि 'या महिन्यापूर्वी वापरा' ही तारीख आतल्या वेष्टनावर आणि खोक्यावर, दोन्हीकडे हवी. उटण्याला 'बी' अक्षर लावून बॅच नंबर द्या. साबणाला त्याऐवजी बनवल्याचा महिना-वर्ष चालतो. घटक उतरत्या वजनाने लिहायचे. एक टक्क्याहून जास्त असलेले आधी, बाकीचे त्यांच्यामागे कोणत्याही क्रमाने. एक किलो उटण्यात १० ग्रॅम म्हणजे एक टक्का. तुमच्या नमुन्यात हळद सर्वांत वर आहे, पण कृतीत ती किलोला १५ ग्रॅमच पडते. उटण्यात बेसन आणि संत्रासालच आधी यायला हवी. ३० ग्रॅमपेक्षा लहान पुडीवर ही यादी नसली तरी चालते, ५० ग्रॅमच्या डब्यावर मात्र हवीच.

वजनाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता बनवलेल्या साबणात पाणी असतं आणि वाळताना ते उडतं. साच्यातून काढताना ७५ भरलेली वडी चार-सहा आठवड्यांत सत्तरच्याही खाली येऊ शकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात आणखी लवकर. म्हणून ओली वडी ८५-९० ग्रॅमची कापा, पूर्ण वाळू द्या आणि बांधायच्या दिवशी तोला. साबणाच्या वजनापुढे 'पॅक करताना' हे शब्द लिहिता येतात, पण बांधतानाच वजन कमी असेल तर ते शब्द वाचवणार नाहीत. काटा वैधमापन खात्याचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलाच वापरा.

वैधमापनाच्या २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी नाव-पत्ता-फोन-ईमेल आणि एका ग्रॅमची किंमत हवी. ७५ ग्रॅम ६० रुपयांना, तर ग्रॅमला ८० पैसे. पॅकिंग सुरू झाल्यापासून ९० दिवसांत या खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणीचा अर्जही करावा लागतो.

तुमचं लेबल निव्वळ मराठीत आहे. हे नियम मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात. मराठी सोबत ठेवता येते, आणि ठेवाच, गिऱ्हाईक तीच वाचणार.

बॅच, महिना आणि किंमत यांची जागा कोरी ठेवून तिथे न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारा. आधी पन्नासच लेबलं काढा आणि वाळलेल्या साबणावर लावून पंधरा दिवस ठेवा. साध्या इंकजेटची अक्षरं तेलानं पसरतात. अक्षरं टिकली, तर छापखान्याला हजाराची ऑर्डर द्या.