वाचक विचारतात : ढगांतली ऊब आणि वादळाची वाट

प्रश्न : ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि त्याच दिवशी पुण्यातही झाडं पडली. वादळाला भोवतालचे वारे वाहून नेतात, हे ठाऊक आहे. पण ढगांत मोकळी होणारी उष्णताही त्याची वाट बदलते का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बदलते, पण थोडी. आणि उष्णता किती निघाली यापेक्षा केंद्राच्या कोणत्या बाजूला निघाली, याला जास्त महत्त्व.

आधी हिशेब. १ लिटर पाण्याइतकी वाफ निवली की सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता मोकळी होते. तेवढ्यात साडेसात लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर जाईल. १ चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाऊस म्हणजे १० लिटर पाणी, आणि त्या जागेवरची हवा भरते १० टन. सगळी उष्णता तिच्यातच राहिली तर ती अडीच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात वर चढणारी हवा प्रसरण पावून गार होते आणि बहुतेक कमाई तिथेच खर्ची पडते. तरीही जोरदार वादळाच्या गाभ्यात, उंचावर, हवा भोवतालपेक्षा १० अंशांनी गरम सापडते. डोळ्यात, म्हणजे वादळाच्या अगदी मधल्या शांत भागात, खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तीही त्यात भर घालते. गरम हवा हलकी, म्हणून खाली समुद्रावरचा दाब उतरतो.

डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा इतका गरगरत असतो की ही ऊब बाजूला पांगत नाही, आणि वादळ झपाट्याने बळावतं. तोच पाऊस शे-दीडशे किलोमीटर बाहेरच्या पट्ट्यांत पडला, तर मधला जोर फारसा वाढत नाही. वादळ अंगाने मात्र पसरतं. पसरलेलं वादळ पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वायव्येकडे जरा जास्त सरकतं. वाटेवर पडणारा हा आडवळणाचा परिणाम बऱ्याचदा नजरेतून सुटतो.

थेट परिणाम असा : सर्वाधिक तापणं साधारण ५ ते ८ किलोमीटर उंचीवर होतं आणि त्याच्या खालच्या थरात भोवरा वाढतो. पाऊस एकाच बाजूला साचला, तर केंद्र त्या बाजूला ओढलं जातं. बळकट, गोलसर वादळात पाऊस डोळ्याभोवती सगळीकडे असतो, त्यामुळे ही ओढ जवळपास फिटते. दुबळ्या वादळात, खालचे आणि वरचे वारे वेगळ्या दिशांचे असतील तर, जुनं केंद्र विरून ढगांखाली नवं तयार होतं. अंदाज चुकतात ते बहुधा इथे.

प्रश्न : मग उपग्रहाच्या चित्रात ढग जिकडे दाट, तिकडेच वादळ जाणार असं धरावं का?

उत्तर : नको. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेच्या किरणांतून टिपलेल्या, चित्रात दिसतात ते ढगांचे गार माथे, आणि ते वरच्या वाऱ्यांनी दूरवर ओढलेले असतात. दिवसाच्या दृश्य प्रकाशातल्या चित्रात खालच्या ढगांचे वळसे शोधा. ते ज्या बिंदूभोवती फिरतात तेच केंद्र. मग दाट ढग त्याच्या कोणत्या बाजूला आणि किती तास टिकून आहेत, ते पाहा.