सही करण्याआधी

प्रिय पोरी,

कंपनीनं चार गाण्यांचा करार पुढ्यात ठेवलाय. कपडे बदल म्हणतात, वऱ्हाडी जरा ‘साफ’ कर म्हणतात. आणि तू विचारतेस, तडजोड किती करायची? भरपूर कर. फक्त कशात करायची आणि कशात नाही, ते आधी ठरव.

हा हिशोब ज्या बाईला सगळ्यात पक्का जमला ती अमेरिकेतली डॉली पार्टन. तिचं ‘जोलीन’ तू रीलवर ऐकलं असशील, अख्खं बहुधा नसेल. कंट्री म्युझिक म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या, शेतावरच्या, मजुरी करणाऱ्या माणसांचं गाणं. गिटार, फिडल, बँजो, आणि तीन मिनिटांत संपणारी एक गोष्ट. तू जे लिहितेस त्याच्यापासून ते फार लांब नाही.

टेनेसीतल्या स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी, १९ जानेवारी १९४६ ला, एका खोलीच्या लाकडी घरात तिचा जन्म. बारा भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. वडील तंबाखू पिकवायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्यवहाराला पक्के. धंद्याची अक्कल त्यांच्याकडूनच आली, असं ती सांगते. गाणं आलं आईच्या घराण्यातून. बिलमामानं गिटार दिली, दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलच्या स्थानिक कार्यक्रमात गायला लागली आणि तेराव्या वर्षी नॅशव्हिलला ‘ग्रँड ओल ओप्री’च्या रंगमंचावर उभी राहिली. कंट्रीवाल्यांची ती पंढरीच. पण त्यानंतर लगेच काही झालं नाही. ती परत येऊन शाळेत बसली. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं नॅशव्हिल गाठलं.

तिथल्या पहिल्या कंपनीचं म्हणणं, तुझा आवाज कंट्रीला चालायचा नाही, पॉप गा. गायली बिचारी. मात्र मामाबरोबर गाणी लिहिणं थांबवलं नाही. त्या दोघांचं एक गाणं १९६६ मध्ये बिल फिलिप्स या गायकानं गायलं, ते चाललं, आणि मग कंपनीला वाटलं की हिला कंट्री गाऊ द्यायला हरकत नाही. म्हणजे दार उघडलं ते लेखणीनं, गळ्यानं नव्हे. हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण तू स्वतःला ‘गायिका’ म्हणवतेस आणि लिहिणं हा जोडधंदा समजतेस.

१९६७ पासून ती पोर्टर वॅगनर या बड्या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात होती. नाव तिथंच झालं, पण सावलीही त्याचीच. सात वर्षांनी बाहेर पडायचं ठरवलं. त्याला समजावता येईना तेव्हा तिनं निरोपाचं गाणं लिहून त्याच्यासमोर गायलं: ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. ऐकून तो रडला, तिला सोडलंही, आणि पुढं काही वर्षांनी त्यानंच तिला कोर्टात खेचलं. प्रकरण बाहेर मिटलं. डोळ्यांतलं पाणी खरं होतं आणि दावाही खरा होता. तुझे ते निर्माते ‘आपण घरचेच आहोत’ म्हणतात ना, त्यांनाही मनापासून तसं वाटत असेल. कागद तरीही वाचायचा.

१९७४ मध्ये ते गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. मग एल्विस प्रेस्लीकडून निरोप आला की तो हे गाणं गाणार. एल्विस! ती हरखून गेली. रेकॉर्डिंगच्या तोंडावर त्याचे मॅनेजर कर्नल पार्कर यांनी अट सांगितली: गाण्याच्या प्रकाशन हक्कातला अर्धा वाटा आम्हाला. तिकडं गाण्याच्या कमाईचे ढोबळ दोन भाग पडतात, एक लिहिणाऱ्याचा, एक प्रकाशकाचा. डॉलीनं स्वतःची प्रकाशन कंपनी काढलेली होती, म्हणून तो दुसरा भागही तिच्याच हातात होता, आणि पार्करना त्यातलाच अर्धा हवा होता. तिनं नाही म्हटलं. रात्रभर रडले, असं ती स्वतः सांगते. लोकांनी वेड्यात काढलं. तिचं वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर, आणि समोर जगातला सगळ्यात मोठा गायक. आपल्याकडं या जागी शंभरातले नव्व्याण्णव ‘नाव तर होईल’ म्हणून सही करतात.

१९८२ मध्ये तेच गाणं तिनं एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं, पुन्हा पहिलं आलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते ‘द बॉडीगार्ड’साठी गायलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीत ते १४ आठवडे अव्वल राहिलं. गळा दुसरीचा, पण गाणं डॉलीचं. पैसे वाजत वाजत घरी आले.

आता तडजोडीचं. कपडे, केस, नखं, टिंगल, सगळं तिनं बाजारात मांडलं. लहानपणी गावातली एक बदनाम बाई तिला फार देखणी वाटायची, तिच्यावरूनच हा भपका उचलला, हे ती हसत सांगते. लोक विगवर विनोद करायच्या आत ती स्वतः करते. तीच लांब कृत्रिम नखं एका चित्रपटाच्या सेटवर एकमेकांवर घासली तर टाइपरायटरसारखा आवाज येतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या ठेक्यावर तिनं ‘नाइन टू फाइव्ह’ बांधलं. रेकॉर्डमध्येही नखं वाजली आहेत, श्रेय देऊन! १९७७ मध्ये तिनं दुसऱ्यांनी लिहिलेलं चकचकीत पॉप गाणं गायलं, पण हट्टानं त्यात कंट्रीची ओळख असलेली स्टील गिटार घालायला लावली, म्हणजे गावाकडचे लोक ‘आम्हाला सोडलं’ म्हणायला नकोत. तेव्हा लाल जाकीट घाल म्हणतात तर घाल. वऱ्हाडीचं मात्र भांड. चार गाण्यांतली दोन तरी जशीच्या तशी.

पुढचं थोडक्यात, कारण ते तुला कुठंही वाचायला मिळेल: १९८६ मध्ये तिच्या स्वतःच्याच मुलखात ‘डॉलीवूड’ हे करमणूक उद्यान, १९९५ मध्ये लहान पोरांना दरमहा फुकट पुस्तक पाठवणारी योजना. ही दुसरी वडिलांच्या निरक्षरपणावरून सुचलेली. गाण्यांचा पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला असता तर यातलं किती उभं राहिलं असतं कोण जाणे.

तुझ्या कागदाकडं येतो. आपल्याकडं कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानंसुद्धा काढून घेता येत नाही. पण मूळ हक्क अजूनही लिहून देता येतो, आणि तो तू देते आहेस. करारातलं कलम पाच बघ: ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’. मंगळावर वऱ्हाडी कोण ऐकणार ते त्यांनाच विचार. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून तर ते इतकं आठवणीनं ‘कायमस्वरूपी’ लिहितात. तिथं वर्षांचा आकडा माग. रेकॉर्डिंग त्यांचं असू दे, खर्च त्यांनी केलाय. शब्द आणि चाल तुझ्या नावावर राहू दे, आणि आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व सहीच्या आधी घे, नंतर नव्हे.

एक राहिलं. तू पाठवलेल्या प्रतीत परिशिष्ट नाही. नेमकी कुठली गाणी दिली ती यादी तिथंच असते, आणि ‘यापुढं लिहिलेली सर्व’ हे शब्दही तिथंच लपवतात. ते मागून घेऊन सोमवारपर्यंत मला पाठव. तोवर फोनवर कुणाला ‘हो’ म्हणू नकोस. व्हॉट्सॲपवर अंगठाही नको.

तुझा,
काका