मशीन सुरू करण्याआधी ट्यूब विचार

अंबाजोगाई,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बाळा,

लातूरच्या तुझ्या दवाखान्यात लेसर मशीन आलं, हे परवा फोनवर कळलं. त्याच्या कर्जाचा हप्ता किती बसतो तेही तू सांगितलंस, आणि तुझ्या आवाजातला ताण मला ऐकू आला. तेव्हा मी नुसतं अभिनंदन केलं. चेहऱ्याची लाली आणि गालावरच्या बारीक शिरा यांच्यावर लेसर मारण्याबद्दल जे बोलायचं होतं, ते राहून गेलं.

गाल लाल झाले म्हणून जी येईल, तिला पहिल्यांदा विचार, तोंडाला काय लावतेस? ती म्हणेल, काहीच नाही. थोडं थांबून पुन्हा विचार. मग पर्समधून ट्यूब निघते. "औषध नाही मॅडम, नुसती गोरं व्हायची क्रीम हाय." मागून गुंडाळत आणलेली, मान कात्रीनं कापून आतलं बोटानं पुसून घेतलेली ती ट्यूब हातात घे आणि बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यातलं काहीतरी सापडेल, ही सगळी स्टेरॉइडं. सोबत बऱ्याचदा रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडी सोलणारं ट्रेटिनॉइनही असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा वर दिसू लागतात, गालावर लव वाढते, पुटकुळ्या येतात. "चुलीपुढं बसलं की तोंड पेटल्यावानी होतंय" हे वाक्य तू रोज ऐकशील. 2018 साली सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचखाली आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. तरी ती हातोहात पोचतात. कधी मेडिकलमधून, कधी जावेकडून, कधी लग्न ठरल्यावर मैत्रिणीकडून.

अशा चेहऱ्यावर लगेच लेसर मारू नकोस. आधी ट्यूब सोडव. सोडल्यावर काही दिवसांत चेहरा आणखी भडकतो, आग होते, सूज येते, आणि घाबरून ती पुन्हा तीच ट्यूब लावते. हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलंस तरच ती टिकेल. साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, गरज पडली तर डॉक्सीसायक्लिनच्या प्रतिजैविक गोळ्या. डॉक्सीसायक्लिन लिहिण्याआधी पाळीची तारीख विचारायला विसरू नकोस, दिवस गेले असतील तर ते चालत नाही. काही महिन्यांत चेहरा शांत झाला की उरलेल्या शिरा बघ. त्या लेसरच्या.

ट्यूब नाहीच, असं निघालं तर रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याचा जुनाट आजार, असू शकतो. आपल्या सावळ्या कातडीत तो पुस्तकातल्या फोटोसारखा लालभडक दिसत नाही, तांबूस-काळपट दिसतो आणि नजरेतून सुटतो. काचेची पट्टी गालावर दाब. रंग फिका पडला आणि सोडल्यावर परत भरला, तर ते रक्त आहे. त्याच वेळी सांधे दुखतात का, केस गळतात का, तोंडात फोड येतात का, उन्हात गेल्यावर लाली वाढते का, हेही विचार. नाकाशेजारची घडी सोडून दोन्ही गालांवर लाली पसरलेली असेल तर ल्यूपस डोक्यात ठेव, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. एएनए ही रक्ताची तपासणी आणि लघवी तपासल्याशिवाय लेसरच्या खोलीत नेऊ नकोस.

आता मशीनविषयी. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व तुला पाठ आहे. प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनला तापवतो, शीर आतून भाजून बंद होते. पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, किती लांब ठेवायची हे शिरेच्या जाडीवर ठरतं. बशीतला चहा लगेच निवतो, पातेल्यातला उशिरा. तसंच बारीक शिरेला छोटी पल्स, जाड शिरेला लांब. पण पेच वेगळाच आहे. 532 किंवा 595 नॅनोमीटरचा प्रकाश रक्ताबरोबर वरच्या मेलॅनिनलाही, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्यालाही, लागतो, आणि आपल्याकडे मेलॅनिन भरपूर. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर मेलॅनिनला बराच सोडून देतो, पण रक्तही त्याला कमी शोषतं. म्हणून ताकद जास्त लागते आणि उष्णता खोल जाते. एकाच जागी दुसरी पल्स मारलीस तर खड्डा पडतो, नाकपुडीच्या कडेला तर विशेष. शीर नाहीशी झाली किंवा गडद पडली की हात थांबव. कातडी पांढुरकी-राखाडी झाली, तर भाजलं.

हे मी चूक करून शिकले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत केज तालुक्यातली एक मुलगी आली, लग्न तीन आठवड्यांवर होतं. महिना फाल्गुन, उन्हातान्हात राबून गाल रापलेले. मी आयपीएल, म्हणजे लेसरसारखंच झगझगीत प्रकाशाचे झोत मारणारं मशीन, वापरलं आणि पॅच टेस्ट, म्हणजे आधी छोट्या जागेवर चाचणी, केली नाही. दोन दिवसांनी तिच्या दोन्ही गालांवर मशीनच्या काचेच्या मापाचे काळे चौकोन उठले होते, ओळीनं, कडा धारदार. हळद लावताना करवल्यांनी ते हातानं झाकले, असं तिच्या आईनं मला सांगितलं. ते चौकोन जायला दीड वर्ष लागलं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून पॅच टेस्ट कर, जबड्याच्या कडेला किंवा कानापुढे, आणि किमान चार ते सहा आठवडे थांब. काळा डाग दरवेळी त्या मुलीसारखा लगेच येत नाही, कधी तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढतो. आपल्याकडे काम सुरू करायचा काळ दिवाळीनंतरचा. संक्रांतीपर्यंत महिन्याच्या अंतरानं तीन बैठका होतात, होळीच्या आत संपव. परभणी-नांदेडकडं पारा 42-43 वर गेल्यावर लेसर मारणं म्हणजे डाग विकत घेणं. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर स्पष्ट नाही म्हण, नवरीचा बाप टेबलावर पैसे ठेवत असला तरी.

एक गोष्ट मला फार बोचते. आपला लेसरचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच. बीडकडच्या बाया दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे तू मशीन बंद करतेस तेव्हा. फडातून फॉलोअपला कुणी येत नाही. त्यांच्यासाठी रोझेशियावर लावायचं मेट्रोनिडॅझोलचं जेल, डोक्यावरून नाकापर्यंत घट्ट बांधलेला सुती रुमाल आणि ट्यूब न लावण्याचा शब्द, एवढंच खरं औषध. लेसरचं पॅकेज त्यांच्या गळ्यात मारू नकोस, हप्ता चुकला तरी.

पैसे घेण्याआधी सांग की शिरा बुजतात, पण रोझेशिया राहतो. काही वर्षांनी नव्या शिरा येऊ शकतात, पुन्हा बैठक लागू शकते. डाय लेसर (तो 595 नॅनोमीटरचा) असेल तर आठ-दहा दिवस निळा डाग राहील, हेही सांग. डोळ्यांवर झाकण लावायची सवय पहिल्या पेशंटपासूनच लाव.

फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढत जा. दसऱ्याच्या सुमारास पहिल्या दोन-तीन जणींची पॅच टेस्ट करून ठेव. दिवाळी झाल्यावर मी लातूरला येते, त्या जागा दोघी मिळून बघू.

तुझी,
मॅडम